ओल्या तांदळाचं वजन

"कोण आहे? असाल तिथंच थांबा! आत पाऊल टाकू नका!"

मी एक चप्पल काढलेली, एक पायात, असा दारातच उभा राहिलो. ज्येष्ठातली दुपार, बार्शीचं ऊन, आणि माझ्या सासऱ्यांच्या घराचं दार सताड उघडं. आतून तूप आणि जळका गूळ असा वास येत होता.

"अण्णा, मी श्रीनिवास."

आत झारा खाली पडला. "तुम्ही? तुम्ही उद्या येणार होता ना?"

"आमच्या पार्सल ऑफिसचं काम निघालं इकडं. म्हटलं, रात्री इथंच राहावं. वृंदा उद्या सकाळच्या गाडीनं येतेय."

"मग बैठकीत बसा. स्वयंपाकघराकडं पाठ करून बसा. जावयानं वाण आधी बघायचं नसतं."

पाठ करून बसलो. दुसरं करणार काय? एकोणीसशे नव्याण्णव साली अधिक ज्येष्ठ आला होता. तीन वर्षांनी येणारा हा जादाचा महिना. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला जेवायला बोलवायचं आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. लग्नानंतरचा माझा हा पहिलाच अधिक महिना, म्हणजे मी अगदी ताजा विष्णू होतो.

पण विष्णूचं आणि सासऱ्यांचं फारसं बरं नव्हतं. का ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

माझे सासरे त्र्यंबकराव देशमाने हे वजनमापे निरीक्षक म्हणून रिटायर झालेले. तीस वर्षं बाजारात फिरून खोटी मापं पकडली. धान्यावर पाणी मारून वजन वाढवणाऱ्या व्यापाऱ्यांचे ते कर्दनकाळ. मूठभर ज्वारी हातात घेऊन "ओली आहे" म्हणायचे आणि समोरचा घामाघूम व्हायचा. खोटं म्हटलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड. आणि नेमकं आमच्या लग्नात खोटं निघालं. मध्यस्थी करणाऱ्या आमच्या वसंतकाकांनी ठोकून दिलं होतं की मुलाच्या आईचा मिठाईचा मोठा धंदा आहे. साखरपुड्याला अण्णा कुर्डुवाडीला आमच्या घरी आले, तेव्हा त्यांना दिसल्या मागच्या खोलीतल्या दोन शेगड्या आणि एक कढई. वडील गेल्यावर आईनं ऑर्डरीचा फराळ करून मला वाढवलं, हा तिचा मोठा धंदा. अण्णांनी लग्न मोडलं नाही, शब्द दिला होता म्हणून. पण एवढंच म्हणाले, "सांगितलं ते आणि निघालं ते, यात फरक आहे." आणि त्या दिवसापासून आमच्या घराचा उंबरा ओलांडला नाही.

विचारलं की म्हणायचे, "आमच्यात लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत." एकदा वृंदाचे कागद द्यायला कुर्डुवाडीला आले, तर कागद दारातून दिले आणि पाणी प्यायला पुन्हा स्टँडवर गेले. मे महिन्यात! वृंदा त्या दिवशी जेवली नाही. "त्यांनी एकदा माझ्या घरात बसून पाणी प्यावं, मला दुसरं काही नको," असं ती दर सणाला म्हणायची आणि डोळे पुसायची. मला मात्र, खरं सांगतो, त्या माणसाचा राग होता. दोन शेगड्यांची लाज वाटणाऱ्या माणसाचं वाण घ्यायला मी निव्वळ बायकोच्या शब्दाखातर आलो होतो.

तर असा पाठ करून बसलो. पाठ फिरवली तरी कान कुठं फिरवणार? मागून चर्र झालं. तूप फार तापलंय, मी मनात म्हटलं. मग फस्स. विरला. आमच्याकडं त्याला 'अनारसा हसला' म्हणतात. तुपात सोडला की गूळ सुटतो, पीठ पसरतं आणि कढईत गाळ उरतो. पुन्हा चर्र, पुन्हा फस्स. मधेच अण्णांचा आवाज, "अरे, काय पाप केलंय मी!" माझे हात शिवशिवायला लागले. दहा दिवाळ्या मी आईच्या शेजारी बसून अनारसे तळलेत. बाहेर पोरं क्रिकेट खेळायची आणि मी खसखस लावत बसायचो.

थोड्या वेळानं अण्णा बाहेर आले. बनियनवर गुळाचे डाग, धोतर खोचलेलं, नाकावर पीठ. पाणी प्यायले आणि आपल्या सवयीनं खरा खरा अहवाल दिला.

"सतरा सोडले. सतरा विरघळले."

"अहो, मग भागीरथीआत्यांना सांगायचं ना," मी म्हटलं. भागीरथीआत्या म्हणजे त्यांच्या थोरल्या भगिनी, दोन गल्ल्या सोडून राहायच्या.

"अक्का म्हणते विकतचे आण. कोण बघतंय घरचे का विकतचे! मी म्हटलं, मी बघतोय ना." अण्णा माझ्यासमोर खुर्चीत बसले. "वृंदाची आई असती तर तिनं घरी केले असते. ती नाही म्हणून लेकीचं पहिलं वाण दुकानातून आणायचं? पाच वर्षं झाली तिला जाऊन, पण वही आहे तिची. त्या वहीबरहुकूम केलंय सगळं. तांदूळ तीन दिवस भिजवले, मोजून बहात्तर तास. रोज पाणी बदललं. पीठ दोन दिवस मुरवलं. आणि उद्या अक्का दहा वाजता येणार. ताट रिकामं दिसलं की म्हणेल, 'तिंबका, बाईविना घर.' ते मला ऐकायचं नाहीये."

ते शेवटचं वाक्य ते भिंतीकडं बघून बोलले. राग होता, पण माणूस नाकाला पीठ लावून समोर बसला की रागाला जरा अडचण होते.

"वहीत गूळ किती लिहिलाय?"

"तांदळाइतका."

"मग तुम्ही किती घातला?"

"तांदळाइतका! ग्रॅमचाही फरक नाही. पितळी तराजूवर केलंय." ते तरातरा आत गेले आणि कागद घेऊन आले. "बघा. तांदूळ दीड किलो. भिजून, फडक्यावर पसरून कोरडे करून भरले एक किलो नऊशे पन्नास. गूळ, एक किलो नऊशे पन्नास."

मी कागदाकडं बघितलं. अण्णांकडं बघितलं. हसू दाबायला मला मिशी कुरवाळावी लागली.

"अण्णा, तांदूळ तर दीडच किलो होते."

"हो."

"मग वरचे साडेचारशे ग्रॅम कसले?"

"कसले म्हणजे? तांदूळ भिजल्यावर..." अण्णा बोलता बोलता थांबले. तोंड उघडं ते उघडंच.

"ते पाणी आहे, अण्णा. साडेचारशे ग्रॅम पाण्याला तुम्ही साडेचारशे ग्रॅम गूळ घातलाय. अनारसा हसेल नाही तर काय करेल?"

माझ्या सासऱ्यांचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा मी नंतर त्यांच्या बायपासच्या वेळीसुद्धा पाहिला नाही. तीस वर्षं ज्या माणसानं ओल्या धान्यावर खटले भरले, त्यानं आपल्याच घरात, आपल्याच तराजूवर, पाणी तांदळाच्या भावात मोजलं होतं. ते हळूहळू खुर्चीत मागं टेकले.

"ओला माल," ते म्हणाले. "मी ओला माल धरला."

"होतं असं."

"नाही होत! तेरखेड्याच्या एका व्यापाऱ्याचं लायसन मी एवढ्यावरून घालवलंय. तो रडला होता हो माझ्यासमोर." ते उठले, पुन्हा बसले. "आता हे पीठ फेकायचं का?"

"फेकायचं कशाला? पीठ चाळल्यावर वरचा जाड चाळ राहिला असेल, तो टाकला का?"

"टाकीन कसा? त्याचा हिशोब लागायला नको?" त्यांनी फळीवरचा डबा काढला. वर चिठ्ठी चिकटवलेली: 'चाळ. ३०० ग्रॅम.' असा सासरा मिळायला भाग्य लागतं, असं त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं.

मी शर्ट काढून खुंटीला अडकवला. अण्णा एकदम दारात आडवे झाले.

"तुम्ही बाहेर बसा. जावई आहात. सांगा फक्त, मी करतो."

"अण्णा, सांगून अनारसा आला असता तर वहीनंच आला असता. सरका."

सरकले बिचारे. मी चाळ मिक्सरमधून पुन्हा काढला, वस्त्रगाळ केला, गोळ्यातला चतकोर तोडून त्यात मळला, हाताला तूप लावून गोळा ओल्या फडक्याखाली तासभर ठेवला. तोवर कढईतला गाळ गाळून तूप स्वच्छ केलं. अण्णा माझ्या मागं मागं. "किती डिग्रीला तळायचे? माझ्याकडं तापमापक आहे."

"तापाचा?"

"मग दुसरा कुठला असतो घरात?"

"तो बाहेर ठेवा, अण्णा. तुपात फुटेल."

केळीच्या पानावर खसखस पसरून मी पहिला अनारसा थापला. खसखशीची बाजू वर करून मंद आचेच्या तुपात सोडला. अण्णांनी श्वास रोखून धरला होता. अनारसा जरा फुलला, तरंगला, मी झाऱ्यानं वरून तूप उडवत राहिलो आणि हळूहळू त्याला जाळी पडत गेली. उलटायचा नाही, दाबायचा नाही. काढून चाळणीत उभा केला.

"आला!" अण्णा एवढ्यानं ओरडले की शेजारच्या अंगणातलं कुत्रं भुंकायला लागलं.

दहा-बारा झाल्यावर मागं टिकटिक ऐकू आली. वळून बघतो तर अण्णा पाटावर मांडी घालून बसलेले, पुढ्यात तराजू, आणि एकेक अनारसा तोलतायत. चिमट्यानं बारकी वजनं ठेवायचे, डोळा बारीक करून काटा बघायचे.

"चोवीस," ते म्हणाले. "चोवीस. चोवीस. पंचवीस. चोवीस." मग माझ्याकडं वर बघितलं. "तुम्ही गोळे न तोलता घेताय."

"हाताला कळतं."

"सरकारी वजनांत याहून जास्त फरक सापडतो हो. हे कुठं शिकलात?"

मी झारा कढईच्या काठाला टेकवला. खूप दिवस पोटात साठलेलं होतं, ते आलंच ओठावर. "दोन शेगड्या आणि एक कढई. तिथंच शिकलो. माझे चोवीस-पंचवीस होतात. आईचे सगळे चोवीसच येतात, आणि ती मोजत नाही."

अण्णांनी पारड्यातलं वजन काढून बाजूला ठेवलं.

"एक विचारू का, श्रीनिवासराव?" ते म्हणाले. "एवढं हातात असताना तुमच्या आईंनी मोठा धंदा आहे असं खोटं का सांगायला लावलं?"

"आईनं?" माझा आवाज चढलाच. "ती थाप वसंतकाकांची! आम्हाला साखरपुड्याच्या दिवशी तुमच्या तोंडून कळलं. आई दोन दिवस जेवली नाही. काकांशी अजून बोलत नाही ती."

"मग मला कधी सांगितलं नाहीत?"

"मला वाटलं, तुम्हाला फराळ विकणाऱ्या बाईचा कमीपणा वाटतो. त्याला काय उत्तर देणार?"

"कमीपणा?" अण्णांचा चेहरा लाल झाला. "माझी आई बाजारात बसून मिरच्या विकायची! कष्टाचा कसला कमीपणा? मला खोट्याचा राग होता. मला वाटलं, त्या माउलीनंच..." त्यांनी हातातला अनारसा पारड्यात ठेवला, पण वजनं ठेवायची विसरले. "दीड वर्ष. दीड वर्ष मी त्या बाईंना लबाड समजत होतो."

खरं तर दीड वर्ष मीही त्यांना दुसरंच काही समजत होतो. पुढचा अनारसा मी जरा जास्तच जपून सोडला.

तेहतीस झाले. ताट झाकून देवाजवळ ठेवलं. मग मी हात जोडले. "अण्णा, आता एक करा. हे मी केलं असं कुणाला सांगू नका. आत्या गावभर करतील. आणि वृंदा म्हणेल, तू वाण घ्यायला गेला होतास का आचारी म्हणून गेला होतास?"

अण्णांनी विचार केला. खूप वेळ केला. "आपण होऊन सांगणार नाही. पण विचारलं तर खोटं बोलणार नाही."

म्हणजे झालंच कल्याण, मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला भागीरथीआत्या हजर. नऊवारी, हातात काठी, आणि नजर अशी की पोलिसांनीही जरा बाजूला व्हावं. वृंदा सकाळच्या गाडीनं आली होती. पाट मांडला, रांगोळी काढली, मला बसवलं. आत्यांनी ताटावरचं झाकण काढलं, एक अनारसा उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"अगो बाई! तिंबका, काय जाळी पडलीय रे!" त्यांनी तो चारी बाजूंनी फिरवला. "वहिनीला मागं टाकलंस की. गूळ किती घातलास?"

"जास्त," अण्णा म्हणाले.

"जास्त घालून एवढे सुरेख? तूप कसं ठेवलंस?"

"स्वच्छ."

"आच?"

"मंद होती. असं मला दिसलं." अण्णांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. खरं बोलून खरं लपवायचं काम त्यांना आयुष्यात कधी पडलं नव्हतं. मी पाटावर बसून देवाचा धावा करत होतो. विष्णूनं कुणाचा धावा करायचा, हाही प्रश्नच.

"मी उगाच म्हणत होते विकतचे आण," आत्यांचे डोळे पाणावले. "बायको गेलेल्या माणसानं लेकीसाठी असं करावं! धन्य तुझी. चल, दे वाण. म्हण, माझ्या हातानं केलेलं..."

अण्णांनी ताट उचललं. ताट माझ्या हातापासून वीतभर आलं आणि तिथंच थांबलं.

"अक्का, हे मी केलेले नाहीत."

"मग? विकतचे?" आत्यांनी काठी उचलली.

"विकतचे कसे असतील? याच घरात केलेत!"

"मग कोणी केलेत?"

अण्णा माझ्याकडं बघायला लागले. वृंदा माझ्याकडं बघायला लागली. आत्यांनी चष्मा सारखा केला आणि माझ्या हातांकडं बघितलं. तुपाचा एक चटका मनगटावर ठळक उमटला होता.

"जावयानं?" आत्या किंचाळल्या. "जावयानं आपलं वाण आपणच तळलं? अरे, उद्या नवरदेवाला अक्षता पण स्वतःच्या डोक्यावर स्वतःच टाकायला सांगाल!"

वृंदा आधी पदर तोंडावर धरून हसली आणि मग पदर सोडून हसली. मीही हसलो. अण्णा तेवढे हसले नाहीत. ताट खाली ठेवून उभे राहिले.

"हे वाण लागत नाही," आत्यांनी निकाल दिला. "देणाऱ्याचा हात लागला पाहिजे. आता काय करतोस? महिना संपायला सहा दिवस राहिलेत. तांदूळ भिजायलाच तीन लागतात."

"माहीत आहे मला." अण्णा वृंदाकडं वळले. "तुझ्या सासूबाई घरी असतील ना गं?"

"असतील की. त्या कुठं जाणार?" वृंदाचं हसू थांबलं. "का, अण्णा?"

"पिशवी भर माझी."

दुपारी तीनच्या एसटीत आम्ही तिघं. तेहतीस अनारशांचं ताट धोतराच्या फडक्यात बांधून अण्णांनी मांडीवर घेतलं होतं. कुणालाही धरायला दिलं नाही. वृंदा माझ्या कानाशी लागली, "काय झालंय तरी काय?" मी म्हटलं, "घरी गेल्यावर बघ." मलाही नक्की ठाऊक नव्हतं. भीती एकच होती. पुन्हा दारातूनच मागं फिरले तर वृंदाला सावरायचं कसं?

आई मागच्या खोलीत शेव पाडत होती. वृंदानं हाक मारली तशी पदराला हात पुसत बाहेर आली, आणि दारात अण्णांना बघून जागीच थांबली. अण्णा उंबऱ्याच्या बाहेर. मध्ये ताट.

"विहीणबाई," अण्णा म्हणाले. एसटीत त्यांनी मोठं भाषण जुळवलं असणार, ओठ हलताना मी पाहिले होते. पण त्यातलं एकही वाक्य आलं नाही. "हे तुमच्या मुलानं केलेत. माझ्याकडं राहिले तर खोटं होईल. आणि मी... मी तुमच्याबद्दल भलतंच धरून बसलो होतो. वसंतरावांचं बोलणं तुमच्या नावावर मांडलं. चुकलं माझं."

आईनं फडकं सोडलं, एक अनारसा उचलला, बोटांनी मोडला आणि आतून बघितला.

"श्रीन्या, खसखस आखडत्या हातानं लावलीस. तुझी सवय जाणार नाही." अर्धा अनारसा तिनं अण्णांपुढं धरला. "घ्या."

अण्णांचा हात उठला आणि अर्ध्यावर थांबला. "आमच्यात लेकीच्या घरचं..."

"लेकीच्या घरचं कुठंय हे? तांदूळ तुमचे, गूळ तुमचा, तूप तुमचं. मी नुसता मोडला."

अण्णांनी हिशोब केला. मला त्यांच्या चेहऱ्यावर तो दिसत होता, कलमावार. कुठंच खोट निघेना. त्यांनी अर्धा अनारसा तोंडात टाकला आणि चावत राहिले. ज्येष्ठातलं ऊन, एसटीचा धुरळा आणि कोरडा अनारसा. दुसऱ्याच घासाला त्यांना ठसका लागला. वृंदा पाण्यासाठी आत धावली, पण आई आधीच तांब्या घेऊन आली होती.

"पाणी मात्र आमचं आहे," आई म्हणाली.

अण्णा ठसकत तांब्याकडं बघत होते. मग त्यांनी वृंदाकडं बघितलं. ती दाराची चौकट धरून उभी होती आणि तिची बोटं पांढरी पडली होती. अण्णांनी चपला काढल्या, उंबरा ओलांडून आत आले, जमिनीवर मांडी घालून बसले आणि तांब्या तोंडाला लावला. घोट घोट करून रिकामा केला आणि खाली ठेवला.

"अजून एक द्या," ते आईला म्हणाले, "आणि तांदूळ आजच भिजत घालायचे का, तेवढं सांगा."